पायरी

आमच्या कोर्टाला आधी चार पायऱ्या होत्या.
इमारत खांबांवर, खाली गोठलेली जमीन,
ती काही उन्हाळ्यांनी थोडी खचायची,
मग प्रोकोपी सुतार खालून एक फळी वाढवायचा.
मी दफ्तरात लागले तेव्हा पाच,
परवा मोजल्या तर सात.
शहाण्यानं चढू नये म्हणतात, ती हीच पायरी.
आमच्याकडे शहाणे कमी नव्हते, तरी फळ्या झिजल्या.

हुकूम डिसेंबरात आला.
चार जिल्ह्यांची कोर्टं मिळून एक,
आणि ते एक नदीच्या खालच्या अंगाला, अकराशे किलोमीटरवर.
कारणं नीट टाइप केलेली :
खर्च. एकसूत्रीपणा. स्थानिक दबावापासून मुक्ती.
तिसऱ्या कारणाशी वार्वारा इन्नोकेन्त्येव्ना थांबल्या,
चष्मा पुसला,
पुढं वाचलं नाही.

नदी पुरती गोठल्यावर ट्रक आला, बर्फावरच्या रस्त्यानं.
ड्रायव्हरनं विचारलं, माल किती?
एकोणीसशे चव्वेचाळीसपासूनचा, मी म्हटलं.
वजनात सांगा, बाई.
मासळीच्या काट्यावर भरला सहाशे बारा किलो :
घटस्फोट, चोरीच्या घोड्या, कुऱ्हाडीचा एक घाव,
दोन भावांचा गवताळ अलास.

तो दावा अजून उभाच होता.
अफानासी आणि त्याचा धाकटा, स्पिरिदोन.
हद्द कुठली, तर घोड्याचे केस बांधलेल्या लार्चपासून
गवत वाकतं तिथवर.
वार्वारा इन्नोकेन्त्येव्ना रबरी बूट घालून जायच्या
गवत वाकतं का बघायला.
आता खोलीत पडदा आहे.
साहेब तरुण, आवाज स्वच्छ,
प्रश्न निघतो, तीन सेकंदांनी पोचतो,
उत्तर निघेतो पुढचा प्रश्न.
साखा बोलीतलं मी रशियनमध्ये सांगत होते.
"वाकतं" म्हणजे नक्की किती, त्यांनी विचारलं.
अफानासीनं हात तिरका धरला.
हात दिसलाच नाही, चित्र अडकलं होतं.

पण खोटं कशाला बोलू.
माझ्या बहिणीचा हात मोडला होता
जिल्हाप्रमुखाच्या मुलानं.
याच खोलीत, याच शेगडीच्या उबेत तीनदा तारीख पडली,
आणि त्या हिवाळ्यात वार्वारा इन्नोकेन्त्येव्नांच्या तळघरात
छतापर्यंत स्टर्जन रचलेला होता.
मी पाहिला. त्यांच्याकडे चहा प्यायले. बोलले नाही.
दूरच्या साहेबाला मुलाचं नाव ठाऊक नाही, बापाचंही नाही.
अकरा मिनिटं लागली.
तुयारा बाहेर आली
आणि सातही पायऱ्या न बघता उतरली.
आता सांगा, हा कागद मी कुठल्या फाइलला लावू?

भावांचा निकाल मेमध्ये आला, नकाशासकट.
रेघ सरळ. इतकी सरळ रेघ आमच्या मुलखात कुणी पाहिली नव्हती.
ती अलासाच्या मधून जाते,
तिथं दोन उन्हाळ्यांपासून गुडघाभर पाणी आहे,
कारण खालचं बर्फ सुटलंय आणि गवताचं तळं होतंय.
दोघे नकाशा घेऊन पायरीवर बसले.
अपिलाची मुदत विचारली. तीस दिवस.
बऱ्याच वेळानं अफानासी म्हणाला,
बदकं कुणाच्या बाजूला धरायची?
स्पिरिदोननं उत्तर दिलं नाही, तंबाखू पुढं केली.

जूनमध्ये जमीन पुन्हा खचली.
आठवी पायरी हवी, म्हणून मी शहरात अर्ज लावला, तीन प्रतींत.
उत्तर लगेच आलं, हे मानलं पाहिजे :
सदर पत्त्यावर न्यायालय नोंदलेलं नाही.
पडद्याची खोली "संपर्क बिंदू" म्हणून दाखल आहे,
आणि बिंदूला पायऱ्यांची तरतूद नाही.

प्रोकोपी वारला. फळी माझ्या गोठ्यातली.
खिळे वाकलेले होते, दगडावर ठोकून सरळ केले.
सोमवारी म्हातारी फेव्रोन्या येणार, घोडीच्या दाव्याला.
तिचा गुडघा इतका उचलत नाही.